मास्कचं माप आडवं झोपवून घ्या

प्रति,
सीपॅपचे (झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचे) मास्क बनवणारे, ते देशात आणणारे, विकणारे आणि घरी येऊन तोंडावर बांधून देणारे सर्व जण,

स. न. वि. वि.

मिरजेत मी ३१ वर्षं ब्लाऊज शिवते. बाईचं माप उभं राहूनच घ्यावं लागतं, पण ब्लाऊज शिवून झाला की तिला नुसती आरशासमोर उभी करून मी पैसे घेत नाही. हात वर करायला लावते, पुढं वाकायला लावते, खाली बसवते. घरी जाऊन ती वरच्या फळीवरचा डबा काढणार असते, नातवाला कडेवर घेणार असते. मुंढ्यात दाटत असेल किंवा पाठीला चुणी पडत असेल, तर ते माझ्यासमोरच कळायला हवं.

तुमचा मास्क मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसवून घातला गेला. मशीन तेव्हा पिशवीतून बाहेरही काढलेलं नव्हतं. मी खुर्चीत झोपत नाही.

माझं दुखणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, तुम्हाला नवं नाही, पण पत्र खुलं आहे आणि ते बायकाही वाचतील, म्हणून थोडं सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, श्वास थांबतो किंवा अगदीच उथळ होतो. असं १० सेकंद किंवा जास्त झालं की ते मोजतात. तासाला ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं की तीव्र. माझा आकडा ३४ आला. ऑक्सिजन एकदा ७६ वर उतरला होता. त्यावर उपाय सीपॅप. छोटं मशीन रात्रभर दाबानं हवा सोडतं आणि त्या हवेच्या जोरावर घशाची वाट उघडी राहते. हवा वाटेतच निसटली तर मशीन कितीही महागाचं असो, घशाला त्याचा उपयोग नाही. म्हणजे सगळी मदार मास्कवर.

इथवर पोचायलाच मला पाच वर्षं लागली. सकाळी उठताना डोकं जड, दुपारी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या डुलकी. एकदा तर सुई बोटाच्या नखातून गेली तेव्हा जाग आली. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, बी-बाराची इंजेक्शनं झाली, थायरॉईड दोनदा तपासून झालं. ‘पाळी गेली की असं होतंच’ हे तर ज्यानं त्यानं सांगितलं. पाळी गेल्यावर हा आजार बायकांत वाढतो, प्रोजेस्टेरॉन श्वासाला जो आधार देत असतं तो कमी होतो, हे त्याच वाक्याचं दुसरं टोक आहे, पण ते मला कोणी सांगितलं नाही. घोरता का, असं एका डॉक्टरांनी विचारलं होतं. मला काय माहीत? मिस्टर एसटीत ड्रायव्हर, निम्म्या रात्री मुक्कामी गाडीवर. ते घरी घोरायचे तेव्हा सगळ्या आळीला कळायचं आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. माझं घोरणं मात्र लेकीनं मला हळूच, बाजूला घेऊन सांगितलं.

मग हा आजार असू शकेल का ते बघायचा आठ प्रश्नांचा कागद. पुरुष आहात का? असाल तर एक गुण. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? एक गुण. माझा घेर मोजायला मला टेप लागत नाही, साडेचौदा इंच, म्हणजे ३७ सेंटिमीटर. दोन्ही गुण गेले. घोरण्याचाही गेला. कागदाप्रमाणे मी जवळजवळ ठणठणीत होते. माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं हट्ट धरला म्हणून झोपेची तपासणी झाली. त्या दिवशी बाकावर माझ्याशिवाय सगळे पुरुष होते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या नोकरदारांची झोप तपासली होती, त्याचे आकडे १९९३ साली छापून आले. तासाला ५ किंवा जास्त अडथळे पुरुषांमध्ये २४ टक्क्यांना आणि बायकांमध्ये ९ टक्क्यांना. म्हणजे चार पुरुष बाकावर असतील तर निदान एक-दीड बाई तरी तिथं हवी. लेकीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मला तो बाक आठवला.

आता तुमच्याकडे वळते.

तुमचा मुलगा आला तो चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पंचविशीचा असेल, चहा घेतला, मला काकू म्हणाला. खोक्यातून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क काढला. मीडियम.

‘लहान नाही का रे बाळा?’

‘काकू, मीडियम सगळ्यांना बसतो.’

सगळ्यांना बसणारा ब्लाऊज मी आजवर पाहिलेला नाही, पण गप्प बसले. त्यानं पट्टे आवळले, दोन बोटं घालून बघितली, सही घेतली आणि गेला. रात्री मशीन सुरू करून आडवी झाले. माझं प्रेशर ११. दाब वाढत गेला तशी हवा नाकाच्या वरच्या टोकाकडून थेट डोळ्यांत. कुशीवर वळले तर उशीनं मास्क ढकलला आणि खालच्या ओठाखालून फुर्रर्र असा आवाज. फोन केला. ‘काकू, जरा ताणून बांधा.’ ताणलं. जास्त फुर्रर्र. आणखी ताणलं. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल व्रण, गालांवर पट्ट्यांचे वळ. दुकानात आलेली पहिली बाई म्हणाली, पडलात का कुठं?

ताणून बांधल्यावर हवा जास्त का सुटते, ते मला नंतर कळलं आणि शिवणकाम करणारीला ते आधीच कळायला हवं होतं. मास्कच्या कुशनची कड दुपदरी सिलिकॉनची असते. चेहऱ्याकडचा पातळ पदर हवेनं फुगतो आणि गालाला अलगद टेकून राहतो, तोच हवा अडवतो. पट्टे आवळले की तो पदर चुरगळतो, फुगायला जागा उरत नाही आणि चुणीचुणीतून हवा पळते. अस्तर जास्त ओढून शिवलं की वरचं कापड कसं फुगे धरतं, तसंच. आणि मुळात माप मोठं असेल तर कड नाकाच्या खोबणीत बसण्याऐवजी डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत चढते आणि खाली हनुवटीच्या गोलाईवर लोंबते. ते भोक पट्ट्यानं कसं बुजणार?

तीन आठवडे मी रात्री दीड-दोन तासांवर टिकले नाही. मशीनमध्ये कार्ड असतं, ते सगळं लिहून ठेवतं. कार्ड डॉक्टरांकडे गेलं. अमेरिकेतल्या विमावाल्यांनी एक मोजपट्टी ठरवलेली आहे, रात्री किमान ४ तास आणि शंभरातल्या ७० रात्री. तीच पट्टी पुष्कळ ठिकाणी लावतात. मी त्यात नापास. अहवालावर इंग्रजीत लिहून आलं, त्याचा अर्थ एवढाच की पेशंट सहकार्य करत नाही. डॉक्टर समजावत म्हणाले, ‘मावशी, सवय करा, बायका जरा लवकर कंटाळतात.’

त्याच कार्डावर लीकचा आकडाही होता. माझ्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की लाल खूण येते. माझ्या एकवीस रात्रींपैकी एकोणीस लाल होत्या. तो रकाना कोणी वाचला नाही. कंटाळण्याचा रकाना मशीनमध्ये नसतो, तरी तो सगळ्यांना दिसला.

लेक सुट्टीत आली तेव्हा तिनं खोकं पुन्हा उघडलं. तळाशी, माहितीपत्रकाच्या घडीत, एक पुठ्ठा होता. तीन आकारांची खिडकी कापलेला. तो नाकावर धरायचा, कुठल्या खिडकीत नाक ते ओठाचा भाग बसतो ते बघायचं, झालं माप. अर्ध्या मिनिटाचं काम. पेपर कटिंग दिलेलं असताना अंदाजानं कापड कापणारा कारागीर मी दुकानात ठेवला नसता. मी आरशासमोर बसले, तोंड किंचित उघडं ठेवलं, कारण झोपेत जबडा सैल पडतो, आणि दोन्ही डोळ्यांच्या मधल्या, नाकावरच्या खोलगट जागेपासून खालच्या ओठाच्या जरा खालीपर्यंत कापडी टेप धरली. पुठ्ठ्यावर बघितलं. स्मॉल. तेही सैलसर.

मग बदलून घ्यायला गेलो. ‘फुटलेला बॉक्स परत होत नाही, तोंडाला लागलेली वस्तू आहे.’ बरोबर आहे, दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली मलाही नको. पण मग ती विकण्याआधी मापाची जबाबदारी कोणाची? ‘स्मॉल आम्ही ठेवत नाही, मागणी नाही. मुंबईहून मागवू, ॲडव्हान्स भरा.’ पुन्हा ६८०० रुपये. माझ्याकडे साध्या ब्लाऊजची शिलाई ३५० आहे आणि त्यात दोनदा उसवून देणं धरलेलं आहे. मागणी नाही म्हणता, पण स्मॉल दुकानातच आणला नाही तर मागणी दिसणार कुठून? स्मॉल लागणाऱ्या बायका तुमच्या वहीत ‘वापर बंद’ या नावाखाली आहेत.

परदेशात काही कंपन्या आणि विक्रेते मास्क ३० दिवसांत बदलून देतात. इथंही खर्च तुमच्या हिशोबात बसवता येईल. निदान कुशन वेगळं विकत मिळू द्या. बहुतेक मास्कांत सांगाडा तोच आणि कुशन लहान-मोठं बदलता येतं, हे मला विक्रेत्यानं नव्हे, लेकीनं सांगितलं.

एक गोष्ट मला फार गमतीची वाटली. या आजारावर सीपॅप शोधला तो सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी, १९८१ साली त्यांनी तो जगापुढं मांडला. हवेसाठी त्यांनी व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरली होती. मास्क बाजारात नव्हतेच. मग प्रत्येक पेशंटच्या नाकाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून त्याच्यापुरता मास्क बनवायचा आणि रोज रात्री सिलिकॉन लावून तो चिकटवायचा. किती त्रासाचं! पण पहिले मास्क सगळेच्या सगळे मापाचे होते. रेडिमेड नंतर आले.

माझं स्मॉल आलं. पहिल्या रात्री साडेचार तास. आठवड्यानं सहा. दुपारची डुलकी गेली. पण माप बसलं म्हणजे सगळं बसलं असं नाही, आणि पुढचं मी मास्क बनवणाऱ्यांसाठी लिहिते, कारण हे तुमच्या माहितीपत्रकात नाही.

आम्ही केसांना तेल लावतो. तेलकट केसांवरून मागचा पट्टा रात्रीतून दोन बोटं सरकतो. अंबाडा घातला तर वरचा पट्टा त्याच्यावर चढतो, वेणी घातली तर खालचा पट्टा वेणी ओढतो. मागे दोन फाटे होणारे पट्टे काही मास्कांना असतात, ते बरे, अंबाडा मधून जातो. वेल्क्रोच्या टोकांना गोलाई द्या. चौकोनी टोक उशीवर घासून वर येतं आणि केस धरतं, सकाळी कंगव्याऐवजी कात्री घ्यावीशी वाटते. चेहऱ्याला रात्रीची क्रीम किंवा व्हॅसलीन लावून मास्क घातला तर कड घसरतेही आणि हळूहळू खराबही होते. कुशन रोज सौम्य साबणानं धुवावं. हे सांगायला दोन वाक्यं पुरतात आणि ती मराठीत छापायला फार शाई लागत नाही.

चमकी. मी सातव्या वर्षापासून घालते. नाकाच्या मास्कची कड बरोबर तिच्यावर येते. एक बाजू उचलली जाते आणि हवा तिथूनच शिट्टी वाजवते. नाकपुडीत टेकणाऱ्या छोट्या उशांचा मास्क घ्यावा, तर आतली फिरकी टोचते. मी रात्री चमकी काढून डबीत ठेवते, भोक पन्नास वर्षांचं आहे, बुजत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी मास्क सोडला, चमकी सोडली नाही. त्यांना हट्टी म्हणायचं तर म्हणा. विकताना एकदा नाकाकडे बघितलं असतं तर त्यांना नाकाखाली टेकणारा, वर न चढणारा प्रकार दाखवता आला असता. कपाळावर टेकू असलेल्या मास्कचा टेकू टिकलीच्या जागीच येतो, ते आपलं सोडून द्या, टिकली काढता येते.

कवळीचं मात्र सोडू नका. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे परकर-ब्लाऊज टाकतात. त्यांना मास्क बसवला सकाळी अकराला, तोंडात कवळी असताना. झोपताना त्या ती काढून पाण्यात ठेवतात. गाल आत जातात, ओठ आत वळतो, सगळं मापच बदलतं. त्या महिनाभर स्वतःलाच दोष देत होत्या.

आणि चुंबक. पट्टा पटकन अडकावा म्हणून हल्ली पुष्कळ मास्कांत चुंबकाच्या क्लिपा असतात. सांधेदुखीच्या बोटांना फार सोयीच्या, मलाही आवडल्या. पण पेसमेकर किंवा शरीरात तसं काही बसवलेलं असेल तर तो चुंबक किमान ६ इंच लांब हवा, अशी सूचना २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून जाहीर केली. झोपेत मास्क गळ्याखाली उतरला तर सहा इंच राहतात का? शेजारी झोपलेल्या माणसाला पेसमेकर असेल तरी हाच प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका पेसमेकरवाल्या बाईंना चुंबकाचा मास्क दिला गेला आणि कोणी काही विचारलं नाही. टाचण्या गोळा करायला माझ्या टेबलावर चुंबक असतो. आता त्या आल्या की मी तो ड्रॉवरमध्ये टाकते.

बायकांसाठी म्हणून काही मास्क निघाले आहेत, नावातच ‘फॉर हर’ असतं. त्यांत लहान कुशन आणि आखूड पट्टे येतात, त्याबद्दल आभार, खरंच. रंग गुलाबी-जांभळा असतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, अंधारात कोण बघतंय. फक्त दुकानात रंग दाखवून विकू नका. माझ्या ओळखीतल्या एका पोलीस हवालदार बाईंना मीडियमच लागतो आणि एका बारीक अंगाच्या गुरुजींना तुमचा तो बायकांचा स्मॉल बसला. आपल्याकडच्या अंगाची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून नव्वदच्या दशकातच छापून आलेली आहेत. भारतीय नाकाची उंची आणि गालाची रुंदी घेऊन पुठ्ठ्यावर चौथी खिडकी कापणं अवघड नसावं.

मी आता एक उद्योग सुरू केला आहे. जुन्या सुती साडीचा मऊ भाग घेऊन त्याची क्रॉस पट्टी कापते आणि कुशनच्या कडेला बसेल असं आवरण शिवते. गाल घामेजत नाहीत, वळ पडत नाहीत. नळीलाही त्याच साडीची खोळ. थंडीत नळीत पाणी साचून नाकात थेंब येतात, ते बरंच कमी होतं. आवरण शिवताना मास्कवरची बारीक भोकं मोकळी ठेवते, सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती शिट्टीसारखी वाजतात म्हणून एकीनं त्यांवर चिकटपट्टी लावली होती, तिला मी आधी रागावले आणि मग भोकं कशाला असतात ते सांगितलं. ते सांगणंही तुमचं काम होतं.

आतापर्यंत अकरा जणींना मी असं आवरण दिलं. त्यांतल्या सात जणींचा मास्कच मोठ्या मापाचा निघाला. कापडानं माप सुधारत नाही, हे मी त्यांना सांगून टाकते.

तर माझं मागणं. मास्क घालायला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्या पिशवीत तिन्ही मापांची कुशन आणि तो पुठ्ठा असू द्या. बाईला तिच्या पलंगावर, नाहीतर गादीवर, तिच्या रोजच्या उशीवर आडवी होऊ द्या. घरच्या कोणाला खोलीत बसवायचं असेल तर बसवू द्या. दुकानातही एक पलंग आणि एक पडदा ठेवा, पडद्याचं कापड मी देते. मशीन सुरू करून तिच्या प्रेशरपर्यंत न्या, डाव्या कुशीवर वळवा, उजव्या कुशीवर वळवा, दहा मिनिटं थांबा. चमकी, कवळी, केस, पेसमेकर, चार प्रश्न विचारा. मग पैसे घ्या. आणि डॉक्टरसाहेब, तुमच्या अहवालात ‘सहकार्य नाही’ लिहिण्याआधी एक ओळ वाढवा: कोणकोणत्या मापाचे मास्क घालून बघितले? ती ओळ कोरी असेल तर पुढचा शेरा लिहू नका.

माझं कुशन आता मऊ पडलंय, पुढच्या महिन्यात बदलावं लागेल. मी दुकानात येणार आहे. स्मॉल आणि त्याहून लहान, दोन्ही दाखवायला ठेवा. उशी मी घरून आणते, पलंगाचं तेवढं बघा.

कळावे,
आपली एक ग्राहक,
मिरज